तारांवरचा पांवा

श्रोतेहो, मातेच्या देशापासून दूर जन्मलेल्यास त्या देशाचें संगीत लिहितां येईल काय? गाब्रिएला लेना फ्रँक ह्या रचनाकार बाईंचा जन्म १९७२ सालीं अमेरिकेंत, बर्कली येथें झाला. त्यांची आई पेरूची.

त्यांचें २००१ सालचें 'लेयेन्दास' हें चतुष्क घ्या. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला, एक चेलो. फुंकण्याचें वाद्य एकही नाहीं. तरी अँडीज पर्वतांतील पांवे त्यांत ऐकूं येतात. 'तारका' ही लांकडी बासरी तेथील वादक इतक्या जोरानें फुंकतात कीं, स्वर दुभंगतो. तोच दुभंगलेला स्वर येथें गजाखालून निघतो. 'झांपोन्या' ह्या पांव्यांच्या मेळांत एकच चाल वादक आपसांत वांटून घेतात. एकाचा स्वर थांबला कीं, ती जागा दुसरा भरतो. चतुष्कांत ती वांटणी तारांकडे आली आहे.

दोन संस्कृति एकमेकींस न गिळतां एकत्र नांदूं शकतील, अशी पेरूचे कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास (१९११–१९६९) ह्यांची श्रद्धा होती. फ्रँकबाईंच्या ह्या रचनेस तिचाच आधार आहे. आपली कला घासूनपुसून परक्या मैफलींत न्यावी, कीं तिच्या खरखरीसह न्यावी, हा निर्णय अशा प्रत्येक कलावंतास करावा लागतो. फ्रँकबाईंनीं खरखर राखली.