‘होय महाराजा’ पुरे, गाऱ्हाणे ऐका!
(साखळी येथे कामगार, कारकून व व्यापारी मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या देवळांत गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. एक जाणता माणूस पुढे होतो, गावावरचे संकट, घरातले आजारपण, अडलेले काम देवापुढे स्पष्ट शब्दांत मांडतो. आणि भोवतालची मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. आपल्या कचेऱ्यांत, पेढ्यांत नि खाणींवर या रीतीचा उत्तरार्ध तेवढा उरला आहे. गाऱ्हाणे कोणी घालीत नाही. ‘होय महाराजा’ मात्र सर्वजण म्हणतात! देवापुढे न अडखळणारा माणूस साहेबाच्या टेबलापुढे मुका व्हावा, हे कशाचे लक्षण?

भीतीचे, आणि ती भीती निराधार नाही. खनिजाचा ट्रक हाकणाऱ्याचा विचार करा. ज्याची कमाई खेपांवर मोजली जाते, त्याने ब्रेक नीट लागत नाही म्हणून गाडी उभी केली, तर बुडते ती त्याचीच खेप. कंत्राटी कामगाराने खाणीच्या कड्याला भेग पडल्याचे सांगितले, तर भेगेकडे कोणी पाहील की नाही कोण जाणे. पुढल्या महिन्यात आपले नाव हजेरीपटावर राहील ना, हीच शंका त्याला आधी छळते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा पडल्या. हातचे काम जाणे म्हणजे काय, हे डिचोली तालुक्याला कोणी शिकवावयास नको. अशा माणसाला ‘निर्भय व्हा’ असा उपदेश करणे फार स्वस्त आहे.

मग तोंड उघडावे कसे? नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते दाखवून दिले. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यात शिवीगाळ नव्हती. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या वेळी, कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा मोजक्या मागण्या होत्या. एकट्याचे नाव खोडता येते, हजारोंचे खोडता येत नाही! 1890 च्या एप्रिलमधील प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी 10 जूनला रविवारची सुटी मान्य झाली. आज आपण ती जन्मसिद्ध समजून उपभोगतो.

कायद्यानेही पुढे वाट करून दिली. शंभरांहून अधिक माणसे राबतात अशा खाणीत सुरक्षा समिती असावी, तीत कामगारही बसावेत, असे 1955 च्या खाण नियमांत नंतर घालण्यात आले. स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने दहा माणसांच्या आस्थापनेलाही समिती बंधनकारक केली. परंतु समितीच्या वहीत महिनोन् महिने ‘तक्रार नाही’ अशीच नोंद दिसू लागली, तर मालकाने पेढे वाटू नयेत. जेथे माणसे आणि यंत्रे आहेत तेथे तक्रार असणारच. ती वहीपर्यंत का पोचत नाही, याचा शोध घ्यावा. जपानातील टोयोटा कारखान्यात दोष दिसताच साधा कामगार दोरी ओढून मदत मागतो, आणि दोष वेळेत निवारला गेला नाही तर सारी ओळ थांबते. तेथील मालक काही धर्मादाय करीत नाहीत. सदोष मोटार पुढे जाण्यापेक्षा चार क्षणांचा खोळंबा स्वस्त पडतो, हा त्यांचा व्यवहार आहे.

कामगारांनाही एक सांगणे आहे. गाऱ्हाणे आणि चहाडी यांत अंतर आहे. अमका कामचुकार आहे, असे साहेबाच्या कानाशी लागून सांगणे ही चहाडी. अमुक पाळीला, अमुक ठिकाणी, अमुक यंत्राचे झाकण निघाले आहे, असे चारचौघांत सांगणे हे गाऱ्हाणे. चहाडीला बक्षीस आणि गाऱ्हाण्याला शिक्षा जेथे मिळते, तेथील सूचनापेटीला कुलूप कशाला हवे? तीत कोणी काही टाकणारच नाही.

म्हणून वरिष्ठांनी एवढे करावे. आलेले प्रत्येक गाऱ्हाणे, त्याची तारीख आणि त्यावर काय केले, हे सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी मराठी-कोकणीत लावावे. करता येण्याजोगे नसेल तर का नाही, तेही लिहावे. आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनो, बोलणाऱ्याची पुढल्या महिन्यातील पाळी, पगार आणि खेपा पूर्वीइतक्याच राहिल्या की नाही, हे तुम्ही स्वतः हजेरीपट घेऊन तपासा.