तीन वर्षांचा जामीन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी एखादे प्रवासवर्णन ऐकवावे, असा आपला प्रघात. मी मात्र मोटारीच्या विम्याविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष खरा, परंतु तो मला फार महागात पडलेला आहे. तो तुम्हांला फुकट मिळावा, एवढीच इच्छा.

२०१४ साली आम्ही सॅन होजेचे बिऱ्हाड हलवून सनीव्हेलला आलो. भांडीकुंडी आली, मुलीची शाळा बदलली. पण नवा पत्ता विमा कंपनीला कळवायचा राहिला. हप्त्याचे बिल जुन्या घरी गेले आणि विमा रद्द झाल्याची नोटीसही तिकडेच गेली. कॅलिफोर्नियात घर बदलल्यापासून १० दिवसांत मोटारखात्याला, म्हणजे डी. एम. व्ही.ला, पत्ता कळवावा लागतो. तेही मी केले नव्हते. विम्यावाचून मी गाडी हाकीत होते आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

एके सकाळी सिग्नलपाशी उभी असताना एका गृहस्थाने मागून धडक दिली. देवदयेने कोणाला लागले नाही, पण दोन्ही गाड्यांचे नुकसान बरेच झाले. चूक सर्वस्वी त्यांची, म्हणून मी निर्धास्त! पण अशा अपघाताची हकीकत दोघांनीही १० दिवसांत मोटारखात्याला कळवायची असते आणि तीत विम्याचा तपशील द्यायचा असतो. माझ्यापाशी द्यायला काही नव्हते. चूक कोणाची हे कायदा येथे पाहत नाही; विमा होता की नव्हता, एवढेच पाहतो. माझे लायसन चार वर्षांसाठी निलंबित झाले.

पहिले वर्ष मी बसने आणि पायी काढले. त्याचे दुःख नव्हते. दुःख होते ते लाजेचे. "डोळ्यांना त्रास होतो, म्हणून गाडी चालवीत नाही," असे मी तुम्हां सर्वांना सांगितले. भगिनींनो, ते खोटे होते. मंडळात येणेही मी बंद केले. शेवटी आपल्यातल्याच एक वडीलधाऱ्या ताई घरी आल्या. चहा होईपर्यंत गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, डोळ्यांचे काय ते खरे सांग." मी सांगितले. त्यांच्या मुलाला दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल हेच सारे भोगावे लागले होते. पुढे काय करायचे, ते मला त्यांच्याकडूनच कळले.

उरलेल्या तीन वर्षांत लायसन परत मिळू शकते, पण त्यासाठी एस. आर. २२ नावाचा दाखला लागतो. नावावरून तो वेगळा विमा वाटतो, पण तसे नाही. 'या बाईंचा कायद्याने ठरविलेला किमान विमा आहे,' अशी ग्वाही विमा कंपनी राज्याला देते, तो हा दाखला. आपल्याकडच्या भाषेत, कंपनी आपल्याला जामीन राहते. दाखल्याचे शुल्क थोडे. पण आपण 'जास्त जोखमीचे चालक' ठरतो आणि हप्ता चढतो. काही कंपन्या असा दाखला देतच नाहीत, म्हणून आधी चौकशी करावी. स्वतःची गाडी नसेल, तर वाहन नसलेल्यांसाठी वेगळी पॉलिसी मिळते. मात्र घरातल्याच गाडीसाठी ती चालत नाही.

सर्वांत मोठा धोका खंडाचा. हप्ता चुकून विमा तुटला, की कंपनी राज्याला कळविते आणि लायसन पुन्हा जाते. म्हणून मी सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरीत असे. मुदत संपली असे वाटले, तरी मोटारखात्याला विचारल्याखेरीज दाखला काढून घेऊ नये. माझी मुदत २०१८ साली संपली.

आणखी एक. २०२४ अखेरपर्यंत येथला किमान विमा असा होता: एका माणसाच्या दुखापतीसाठी १५ हजार डॉलर, एका अपघातातील सर्वांसाठी मिळून ३० हजार आणि मालमत्तेसाठी ५ हजार. १ जानेवारी २०२५ पासून हे आकडे अनुक्रमे ३० हजार, ६० हजार आणि १५ हजार झाले आहेत. येथल्या इस्पितळांची बिले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तेही अपुरे वाटतील.

हा किमान विमा आपल्या गाडीसाठी नसतोच. आपल्या हातून ज्याला इजा होईल, त्या अनोळखी माणसासाठी तो असतो. त्या तीन आठवड्यांत माझ्या गाडीखाली एखादे मूल आले असते, तर त्याच्या आईला मी काय दिले असते? हा विचार मनात आला, तेव्हा त्या दाखल्याची लाज गेली आणि माझ्या हलगर्जीपणाची वाटू लागली.

तेव्हा आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. विम्याचा कागद काढून त्यावरचा पत्ता आणि तारीख पाहा. आणि कोणी मैत्रीण अचानक गाडी चालवेनाशी झाली, मंडळात येईनाशी झाली, तर तिच्या घरी चहाला जा.