पोटातले पाणी : काढण्याआधी कारण विचारा

(गावपातळीवरील स्वयंसेविका, आशाताई आणि मंडळीतील सेवक यांच्या प्रशिक्षणात केलेले भाषण)



मला आज जलोदराविषयी, म्हणजे पोटात पाणी होण्याविषयी बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. ईशज्ञानाची पदविका घेऊन मेळघाटात समाजसेविका म्हणून आले. तेव्हापासून धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या रुग्णांना दवाखान्यात नेणे, आणणे आणि घरी त्यांची विचारपूस करणे हेच माझे काम. डॉक्टरांकडून जे वारंवार ऐकले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही की जलोदर हा स्वतंत्र आजार नाही, ती आजाराची खूण आहे. धूर दिसला की आपण जाळ कुठे आहे ते पाहतो. पोटात पाणी दिसले की तसेच विचारावे : हे कशामुळे झाले?

सर्वांत मोठे कारण यकृताचे, म्हणजे लिव्हरचे. वर्षानुवर्षे दारू घेतली, किंवा हिपॅटायटीस बी वा सी अंगात राहिला, तर यकृत हळूहळू कडक होते. नाल्याला बांध घातला की वरचे पाणी तुंबते आणि आजूबाजूच्या शेतात झिरपते. यकृत कडक झाले की आतड्यांकडून येणारे रक्त तसेच तुंबते आणि त्यातले पाणी पोटात झिरपते. रक्तातले पाणी रक्तातच धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतच तयार करते. तेही कमी पडते. त्यात मूत्रपिंडे मीठ आणि पाणी बाहेर टाकायचे सोडून साठवू लागतात. म्हणून पोट वाढत जाते आणि हातपाय मात्र काड्यांसारखे होतात.

पण प्रत्येक जलोदर दारूचा नसतो. पोटाचा क्षयरोग, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग, बायकांमध्ये अंडाशयाची गाठ, यांमुळेही पाणी होते. बाहेरून पोट सारखेच दिसते. उपचार मात्र अगदी वेगळे.

दोन माणसे सांगते. एका गावात पस्तिशीची बाई होती. दारूला कधी शिवली नव्हती. पोट वाढू लागले तेव्हा घरच्यांना वाटले, दिवस गेले. पुढे कोणी म्हणाले, कुणीतरी करणी केली. संध्याकाळी बारीक ताप येई, जेवण जात नसे. चार महिन्यांनी ती दवाखान्यात पोहोचली. सुईने थोडे पाणी काढून तपासले, तर पोटाचा क्षयरोग निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. आज ती शेतावर जाते.

दुसरा चाळिशीचा गडी, रोजची मोहाची दारू. त्याचे पोटातले पाणी तीन वेळा काढले. प्रत्येक वेळी हलका होऊन घरी आला आणि सगळ्यांना वाटले, बरा झाला. पाणी का होते हे घरात कुणाला समजावून सांगितले गेले नाही. दारू सुटली नाही, मीठ कमी झाले नाही, गोळ्या संपल्या त्या परत आणल्या नाहीत. चौथ्या वेळी दवाखान्यात नेला तेव्हा तो कुणाला ओळखत नव्हता. तो परत आला नाही.

पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो, ते गरजेचेही असते. पण कारण तसेच राहिले तर पाणी पुन्हा भरते. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचे असेल तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते. म्हणून हे काम दवाखान्यातच व्हावे, इतर कुणाच्या हातून नको.

आता लेकरांविषयी. लहान बाळाचे पोट फुगले की आपल्याकडे तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात. आई ते प्रेमापोटीच करते, तिला रागावू नका. पण चटक्याने आतले काही बरे होत नाही. जखम चिघळून बाळ दगावू शकते. पोट मोठे दिसण्याचे कारण जंत, कुपोषण किंवा वाढलेली प्लीहा असू शकते. मलेरियात आणि सिकलसेलमध्ये प्लीहा वाढते. तपासणीशिवाय कळत नाही.

यकृताच्या जलोदराचा रुग्ण घरी असेल तर या गोष्टी सांभाळा.

दारू पूर्ण बंद. थोडी चालते असे नाही. दारू सोडल्यावर पुष्कळांचे यकृत काही प्रमाणात सावरते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना सांगून सोडावी.

मीठ दिवसभरात सगळे मिळून सपाट छोटा चमचा, साधारण 5 ग्रॅम. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण बंद. सैंधव हेही मीठच आहे. बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असते आणि लघवीच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. पाणी पिणे मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका. डॉक्टरांनी सांगितले तरच.

उपाशी ठेवू नका. डाळ, अंडी, दूध, जमेल ते द्या. रात्री झोपण्याआधी थोडे खायला द्या, कारण आजारी यकृताला लांब उपास झेपत नाही.

लघवीच्या गोळ्या सकाळी, सांगितल्या तशाच. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा, आणि सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये. वजनकाटा नसेल तर बेंबीवरून दोरी घेऊन घेर मोजा आणि दोरीला गाठ मारा.

अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांच्या गोळ्या किंवा सुई घेऊ नका. मूत्रपिंडे बंद पडू शकतात. कोणती जडीबुटी चालू असेल तर तीही डॉक्टरांना न लाजता सांगा.

आणि या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा : ताप किंवा पोटात दुखणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, लघवी कमी होणे, धाप लागणे, असंबद्ध बोलणे, दिवसा झोप आणि रात्री जाग.

क्षयरोग निघाला तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. निघताना आधार, रेशनकार्ड आणि पासबुक बरोबर घ्यायला लावा. आणि बाळ जन्मले की 24 तासांच्या आत हिपॅटायटीस बीची लस मिळाली का, हे आशाताईंनी जरूर पाहावे. पुढचा एखादा जलोदर तिथेच टळतो.

शेवटी, लूकच्या चौदाव्या अध्यायात एक जलोदर झालेला माणूस आहे. शब्बाथाचा दिवस, परूशांच्या एका पुढाऱ्याचे घर. बाकीचे गप्प बसून पाहत राहिले. प्रभूने त्याला बरे केले आणि विचारले, तुमचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ आहे म्हणून थांबाल का? तिथे कुणी त्या माणसाला विचारले नाही की तू दारू पितोस का, तुझे पाप काय. आपणही विचारू नये. दारू पिणारा असो वा नसो, विहिरीत पडलेल्याला आधी बाहेर काढायचे असते.

तेव्हा या आठवड्यात आपापल्या गावात फिरताना पोट वाढलेले कुणी दिसले तर नाव लिहून घ्या आणि त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा. पाणी काढून झाले तरी डॉक्टरांना एक प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका : हे कशामुळे झाले?

प्रभू तुमच्या पायांना बळ देवो.