महागडा गडी आणि पडता हंगाम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, फार तर अर्थशास्त्र शोभते. तेथे कबड्डीच्या गड्याचा भाव चढला की उतरला यावर तासभर बोलायचे म्हटल्यावर चिटणीसांनी मला दोनदा विचारले, "विषय नक्की हाच ना?" मी म्हटले, हाच. कारण या सभेत बसलेल्या कितीतरी घरांतली मुले पहाटे उठून मैदानावर जातात, आणि ती मैदानावर कशाच्या आशेने जातात हे आपण वडीलधाऱ्यांनी नीट पाहिलेले नाही.

प्रश्न असा. एका संघाने एका चढाईपटूवर अफाट पैसा लावला. त्याचा हंगाम पडला. आता त्याला ठेवावे की सोडावे? चहाच्या दुकानात या प्रश्नाला दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "एवढा पैसा घातलाय, आता सोडायचा कसा?" दुसरा म्हणतो, "बैल चालेना, बाजार दाखवा." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिले तर हिशेबातच चुकीचे आहे. गेलेला पैसा गडी ठेवल्याने परत येत नाही आणि सोडल्यानेही येत नाही. विहिरीला पाणी लागले नाही तर आणखी खणायचे की नाही, हे खालचा खडक पाहून ठरवावे. आजवर किती खर्च झाला ते पाहून नव्हे.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात तो यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला. संघाने त्याला छत्तीस लाखांच्या आसपास घेतले होते. उंच, दणकट अंगाचा हा मुलगा अंगावर दोन-दोन, तीन-तीन पकडीचे गडी घेऊन मध्यरेषेकडे रेटत जाई. लोकांनी त्याचे नाव 'बाहुबली' ठेवले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेवर गुण मिळवले. पुढच्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या लिलावातली ही सर्वांत मोठी बोली.

आता हा आकडा एकटा पाहू नका. प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी त्या वर्षी ४ कोटी ४० लाखांची मर्यादा होती. म्हणजे एका गड्यावर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. मॅटवर सात जण उतरतात, शिवाय बदली गडी वेगळे. उरलेल्या दोन हिश्श्यांत तेवढ्यांचा संसार चालवायचा.

सिद्धार्थ काही पडला नाही बरे. त्या हंगामातही त्याने चढाईचे दोनशेवर गुण मिळवले. तरी टायटन्स पहिल्या सहांत आले नाहीत, गुणतक्त्याच्या तळाकडे राहिले. आणि ज्या मुंबईने त्याला राखले नाही, ती त्याच वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्यांच्या पकडीच्या फळीचा म्होरक्या होता इराणचा फजल अत्राचली. २०१८ च्या लिलावात कोटीची बोली गाठणारा तो पहिला परदेशी गडी. म्हणजे मुंबईनेही पैसा लावलाच होता, पण तो पकडीवर लावला होता.

असे का व्हावे? येथे खेळाचा नियमच पाहावा लागतो, आणि तो तुम्हां सर्वांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो. तो परत केव्हा येतो? त्याच्या संघाने गुण मिळवला की एक गडी उठतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. आता समजा, तुमचा दीड कोटीचा गडी तिसरा बाद झाला. त्याला उठवायला तीन गुण हवेत, आणि ते इतरांनी आणायचे. पकड करणारे कच्चे असतील, दुसरा चढाईपटू रिकामा परत येत असेल, तर दीड कोटी रुपये कडेला मांडी घालून बसून राहतात आणि समोरचे लोण चढवतात. क्रिकेटमध्ये मोठा फलंदाज बाद झाला तर त्याचा डाव संपला. आपल्या खेळात मोठ्या गड्याचा जीव लहान गड्यांच्या हातात असतो. हुतुतू ज्यांनी रचला त्यांनी ही मोठीच शहाणपणाची गोष्ट करून ठेवली आहे.

म्हणून चढाईपटूचे गुण उतरले की मी आधी त्याच्याकडे पाहत नाही. तो किती मिनिटे बाहेर बसला आणि त्याला कोणी उठवले नाही, हे पाहतो.

पण खरी कसोटीची वेळ पुढे आली. २०२० साली साथीमुळे हंगाम झालाच नाही. २०२१ च्या ऑगस्टमधल्या लिलावात दुसऱ्या संघाने लावलेली बोली जुळवून आपला गडी परत घेण्याचा हक्क टायटन्सने वापरला आणि सिद्धार्थला १ कोटी ३० लाखांना पुन्हा घेतले. हंगाम डिसेंबरमध्ये बंगळूरला सुरू झाला. तीन सामने झाले आणि त्याचा खांदा गेला. सबंध हंगामात टायटन्सनी बावीस सामन्यांत एकच सामना जिंकला. शेवटचा क्रमांक.

पुढच्या लिलावात, २०२२ साली, त्याच संघाने त्याच गड्याला पुन्हा घेतले, पण २० लाखांत. संघ पुन्हा शेवटचा. मग त्यांनी त्याला सोडले आणि २०२३ च्या लिलावात दिल्लीच्या पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तेव्हा मर्यादा पाच कोटींची झाली होती, म्हणजे अर्ध्याहून अधिक पैसा एकाच माणसावर. पवनने दोनशेच्या घरात गुण केले. संघ बावीसांत दोन सामने जिंकला, आणि शेवटचाच राहिला.

मंडळी, हे तीन हंगाम एका ओळीत ठेवून पाहा. मोठ्या चढाईपटूचा भाव एकदा एक कोटी तीस, एकदा वीस लाख, एकदा अडीच कोटींच्या वर. क्रमांक तिन्ही वेळा तोच, बारावा! म्हणजे दुखणे गड्याच्या भावात नव्हते. आता याच पवनचे आणखी ऐका. त्याच्या आदल्या वर्षी तमिळ थलैवाजनी त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. सगळे म्हणाले, संपले यांचे. तो संघ नरेंदरसारख्या पोरसवदा गड्याच्या खांद्यावर बसून उपांत्य फेरीत पोहोचला. मला वाटते, पवन जायबंदी झाल्यामुळे त्या पोरांना चढाया मिळाल्या. नाहीतर ती हंगामभर त्याला उठवण्यापुरतीच राहिली असती. हे माझे मत आहे. कोणाला पटले नाही तर सभा संपल्यावर भांडू.

सातासमुद्रापलीकडचीही एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे त्यात पायाने चेंडू क्वचितच मारतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो, सारा डाव त्याच्या हातून सुरू होतो. डेन्व्हरच्या संघाने २०२२ साली रसेल विल्सन नावाच्या अशा गड्याशी साडेचोवीस कोटी डॉलरचा पाच वर्षांचा नवा करार केला. दोन हंगाम बरे गेले नाहीत, आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याला सोडले. पण तिकडच्या नियमाप्रमाणे गडी गेला तरी त्याचा पैसा खर्चाच्या मर्यादेत मोजलाच जातो. साडेआठ कोटी डॉलरचा बोजा त्यांच्या वहीत राहिला. तेथे सोडणे महाग, म्हणून लोक वर्षानुवर्षे चुकीच्या माणसाला धरून बसतात. आपल्याकडे हंगाम संपवून गड्याला सोडला की त्याचा पैसा मर्यादेत मोकळा होतो. संघाला हे सोयीचे आहे. गड्याला नाही, आणि माझ्या बोलण्याचा रोख आता तिकडे आहे.

आपल्या वडिलांच्या पिढीचा कबड्डीपटू मुंबईला जाई. गिरणीच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या, कुठल्यातरी बँकेच्या किंवा कंपनीच्या संघात लागे. पगार बेताचा, पण खुर्ची पक्की. गुडघा गेला की संघ सुटे, नोकरी सुटत नसे. शिमग्याला गावी येई तेव्हा लंगडत येई, पण पोरांसाठी खाऊ घेऊन येई. बुवा साळवींसारख्यांनी हा खेळ वाडीवाडीतून वर आणला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत तो पदकासाठी खेळला गेला, तेव्हा मागे हाच माणूस उभा होता. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि पैसा आला. आनंदाची गोष्ट आहे. गरीब घरातल्या मुलाच्या अंगातल्या बळाला पहिल्यांदा किंमत आली. पण जो भाव एका वर्षी १ कोटी ३० लाख असतो तोच पुढच्या वर्षी २० लाख होतो, मधे फक्त एक खांदा जातो. आणि वीस लाख मिळालेला हा नशीबवान! ज्याच्यावर बोलीच लागत नाही त्याचे नाव आपल्याला कळतसुद्धा नाही.

येथे मला माझे एक पाप सांगायचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी या भागातल्या एका मंडळाच्या समितीवर होतो. नाव सांगत नाही, माणसे अजून आहेत. आमच्या वाडीचा एक मुलगा चांगली चढाई करी. एका मोसमात त्याचे पाय चालेनात. समितीने वर्गणीतून पैसे काढून स्पर्धेसाठी बाहेरचा गडी आणला, आणि या मुलाला पाण्याच्या घागरीपाशी बसवले. हात वर करणाऱ्यांत मी होतो. स्पर्धा आम्ही पहिल्या फेरीतच हरलो, ते सोडा. पुढे कळले की तो मुलगा रात्रपाळीच्या हमालीला जात होता, घरी आजारपण होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही. त्याने पुन्हा मैदानात पाऊल ठेवले नाही.

तेव्हापासून असा प्रश्न निघाला की मला आपला कशेडीचा घाट आठवतो. आता बोगदा झाला, पण तुम्ही-आम्ही सारे त्या वळणांवर उलट्या करीत वाढलो. चढावर माल भरलेली लॉरी तापून उभी राहिली की ड्रायव्हर काय करी? किन्नर उडी मारून चाकाखाली दगड लावी. झाकण उघडून वाफ जाऊ देत. ओहळाचे पाणी आणून घालीत. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा चढू लागे. पण पाटाच तुटला असेल तर पाणी घालून काय उपयोग? तेव्हा माल दुसऱ्या लॉरीत भरावा लागे. आणि निम्म्या वेळा दोष इंजिनाचा नसेच. पेढीवाल्याने दहाच्या जागी पंधरा टन चढवलेले असत. टायटन्सची गाडी मला या तिसऱ्या प्रकारातली वाटते.

सिद्धार्थची गोष्ट तेथे संपली नाही. २०२३ च्या लिलावात हरयाणा स्टीलर्सनी त्याच वीस लाखांच्या गड्याला एक कोटीला घेतले, आणि तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याच्या पलटणने त्यांना २८–२५ असे हरवले. त्यानंतर हरयाणाने त्याला सोडले. दिल्लीने २६ लाखांना घेतले. पुढच्याच हंगामात हरयाणाने विजेतेपद मिळवले. तेव्हा सोडले ते चुकले असे मी म्हणणार नाही. तरण्या चढाईपटूंवर त्यांचा भरवसा होता, आणि मोठा पैसा त्यांनी शादलूई या इराणच्या अष्टपैलू गड्यावर, म्हणजे मुख्यतः पकडीवर, लावला. त्यांच्याकडे माल भरायला दुसरी लॉरी उभी होती. टायटन्सपाशी ती कधीच नव्हती, म्हणून ठेवले काय आणि सोडले काय.

मला कोणी विचारले की २०२२ च्या उन्हाळ्यात तू टायटन्सच्या जागी असतास तर काय केले असतेस, तर मी सांगेन: खांद्याचा इलाज पुरा होईपर्यंत खर्च संघाने करायचा, कारण खांदा संघाच्या कामात गेला. भाव उतरवायचा, पण एवढा नाही की उद्या आपल्याच मॅटवर त्याला मान खाली घालून यावे लागेल. आणि वाचलेला पैसा दुसऱ्या बाहुबलीवर न लावता दोन कोपऱ्यांवर लावायचा. डावा कोपरा आणि उजवा कोपरा भक्कम असला की बाद झालेला गडी फार वेळ बसत नाही.

येथे पुढच्या ओळीत बसलेल्या आयाबहिणींना एक विचारतो. तुमचा मुलगा उद्या लिलावाच्या यादीत आला तर पेढे वाटाल, वाटायलाच हवेत. पण त्याचे कॉलेज सुटले आहे का, पोलीस भरतीचा अर्ज भरला आहे का, आणि परवा त्याचा पाय मुरगळला तेव्हा मंडळाने डॉक्टरचे पैसे कोणाकडून घेतले, हे त्याला आज घरी गेल्यावर विचारा. आमच्या इकडच्या किती मंडळांच्या जमाखर्चात औषधपाण्याचे सदर आहे? मी गेल्या महिन्यात चार वह्या पाहिल्या. मांडवाचे होते, दिव्यांचे होते, ढोलताशाचे होते, चषकांचे होते. एका वहीत मात्र शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते: 'गुडघा, फोटो व पट्टी, रु. ६५०, येणे.' ते येणे अजून आलेले नाही. त्या मंडळाचे खजिनदार आज येथे आले आहेत, त्यांना मी शोधतो आहे.