भौतिकोपचाराच्या पदवीची वाट



शेतात पाय घसरून मांडीचे हाड मोडले, तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली, हाड उत्तम जुळले. तरीही सहा महिन्यांनंतर तो शेतकरी उकिडवा बसू शकत नाही, बांध ओलांडू शकत नाही, बैलगाडीत चढू शकत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात हे दृश्य विरळा नाही. हाड जुळविणे हे शल्यचिकित्सकाचे काम. आखडलेले सांधे मोकळे करणे आणि रोडावलेले स्नायू पुन्हा कामास लावणे हे दुसऱ्याच एका शास्त्राचे काम आहे. त्यास भौतिकोपचार म्हणतात. बोलण्यात फिजिओथेरपी हा शब्द अधिक रूढ आहे. ह्या शास्त्राच्या पदवीसाठी अर्ज कसा होतो आणि तो खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या हातून कोठे निसटतो, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या देशात ह्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. पोलिओने पांगळ्या झालेल्या बालकांच्या उपचारांची निकड भासू लागली तेव्हा, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये ह्या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजी अली येथे केंद्र शासनाची पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबई महानगरपालिकेच्या नायर व शीव येथील रुग्णालयांतही हे शिक्षण मिळू लागले.

ज्या रोगामुळे ह्या शास्त्राने येथे मूळ धरले तो रोग आता देशातून गेला आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु काम कमी झाले नाही. अर्धांगवायूतून वाचलेले रुग्ण, रस्त्यावरील अपघातांत जायबंदी झालेले तरुण, गुडघ्यांनी हैराण झालेले वृद्ध, जन्मतःच मेंदूस इजा झाल्यामुळे मान धरू न शकणारी बालके, ह्या सर्वांना भौतिकोपचाराची गरज असते. अर्धांगवायूच्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत योग्य रीतीने झोपविणे, बसविणे, उभे करणे घडले नाही तर हात आखडतो, खांदा दुखू लागतो, आणि पुढे वर्षभर केलेली खटपटही त्या मानाने फार थोडे देऊ शकते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयास हवे. भौतिकोपचार हा औषधासारखा बाहेरून देता येत नाही. उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदोनदा भेटतो. व्यायाम रोज करावयाचा असतो तो रुग्णाने, स्वतःच्या घरी, सून किंवा नातवाच्या मदतीने. म्हणजे ह्या उपचारात सांगणे, दाखविणे आणि पटविणे ह्यांना यंत्राइतकेच, किंबहुना यंत्राहून अधिक महत्त्व आहे. ज्या आजीबाईस अहिराणी किंवा पावरी कळते, तिला ग्रंथातल्या शब्दांत व्यायाम सांगून काय उपयोग? चुलीपाशी बसण्याची, विहिरीवरून पाणी आणण्याची, भात लावण्याची ढब ज्याने पाहिली आहे, तोच तिच्या गुडघ्यास झेपेल असा उपाय सुचवील. म्हणून धडगाव, गडचिरोली, मंडणगड अशा ठिकाणची मुलेमुली ह्या अभ्यासक्रमास गेली पाहिजेत. केवळ त्या मुलांचे भले व्हावे एवढाच त्यामागील हेतू नव्हे. त्या भागातील रुग्णांना दुसरा चांगला पर्याय नाही.

कामाची ठिकाणेही आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी होते. दोष आढळलेल्या बालकांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना असून त्यांत भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ह्या सेवेचा अंतर्भाव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली, आणि समग्र शिक्षा योजनेतून विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना उपचार देण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेच्या पटावर असे एखादे मूल असल्यास ह्या तरतुदीचे मोल शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

आता पदवीविषयी. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो. अनेक वर्षे तो चार वर्षांचा व त्यापुढे सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा होता. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात एकूण पाच वर्षे धरली असून त्यांत एक वर्ष आंतरवासितेचे आहे. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र, विद्युत् उपचार, व्यायामोपचार येथून आरंभ होऊन अस्थी व स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन आणि सामुदायिक आरोग्य ह्या शाखांपर्यंत विद्यार्थी पोहोचतो. अध्यापन व पुस्तके इंग्रजीत आहेत, हे विद्यार्थ्यापासून लपवू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले वर्ष जड जाते, पण ते निभावून जातात. पदवी मिळाल्यावर व्यवसाय करण्यापूर्वी राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्यात स्वतंत्र सामाईक परीक्षा आहे. विदेशाचा विचार करणाऱ्यांनी मात्र एक भेद नीट समजून घ्यावा, कारण येथे कुटुंबाची जमीन गहाण पडू शकते. अमेरिकेत ह्या व्यवसायाचे मूळ शिक्षणच पदवीनंतर सुरू होते. ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये त्यासाठी डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०१६ पासून तेथील सर्व मान्यताप्राप्त संस्था हीच पदवी देतात. भारतात पदवी घेतलेल्यास तेथे व्यवसाय करावयाचा असेल तर आपले शिक्षण तेथील शिक्षणाशी समतुल्य ठरवून घ्यावे लागते आणि नंतर परवान्याची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तेथील एखादी पुढची पदव्युत्तर पदवी मिळविली म्हणजे परवाना मिळाला, असे नाही. कर्ज काढून ती पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे जाण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. दलाल ते सांगत नाहीत.

तेथील अर्जपद्धतीत एक गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे. गुणपत्रके व शिफारसपत्रे ह्यांबरोबरच तेथील कित्येक संस्था अर्जदाराने भौतिकोपचार विभागात काही तास बसून काम पाहिल्याचा दाखला मागतात. आपल्याकडे परीक्षेतील क्रमांकावर प्रवेश ठरतो, मुलाखत नाही. परिणामी, वैद्यकीय पदवीची जागा हुकली म्हणून हताश होऊन भौतिकोपचाराकडे वळलेले विद्यार्थी वर्गात पुष्कळ असतात, आणि लकवा झालेल्या माणसास उठवून बसविण्याचे काम त्यांना पहिल्यांदा दिसते ते प्रवेश घेऊन वर्षे लोटल्यावर. उच्च माध्यमिक शाळेच्या शिक्षकाने बारावीच्या दोनचार विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात एक दिवस नेऊन आणले तर खर्च एस. टी. च्या भाड्यापुरता येईल. ज्याला ते काम पाहून कंटाळा आला त्याने दुसरी वाट धरावी. ज्याचे डोळे चमकले त्याच्या अर्जात हा अभ्यासक्रम उरल्यासुरल्या रकान्यात पडणार नाही.

प्रत्यक्ष अर्जाची वाट अकरावीतच सुरू होते. बारावीस इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय हवेत; गणित घेऊन जीवशास्त्र सोडणाऱ्यास हे दार बंद होते. त्यापुढे नीट ही राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा. ती केवळ डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे हा समज अद्याप गावोगाव आहे, आणि त्यापायी भौतिकोपचाराची आवड असलेला विद्यार्थी ती देतच नाही. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, परंतु भाषेची निवड अर्ज भरतानाच करावयाची असते. अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव एके ठिकाणी संक्षिप्त आणि दुसरीकडे पूर्ण, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचे, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी पुढे फार दिवस खातात.

नीट झाली की अर्ज पूर्ण झाला, ही दुसरी चूक. नीट केवळ गुण देते. राज्यातील जागांसाठी मुंबईच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे पुन्हा नोंदणी करावी लागते, कागदपत्रे सादर करावी लागतात आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. एम.बी.बी.एस. आणि भौतिकोपचार ह्यांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक एकच असेल असे धरून चालू नये. एका यादीत नाव लागले नाही म्हणून संकेतस्थळ पाहणे सोडून देणाऱ्याची दुसरी संधी न कळत निघून जाते. सूचना दरवर्षी बदलतात. तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका हाच प्रमाण ग्रंथ मानावा, मागील वर्षी शेजारच्या मुलाने काय केले ते नव्हे.

पसंतीक्रम लिहिताना इमारतीची छायाचित्रे पाहून भुलू नये. भौतिकोपचार रुग्णावरच शिकता येतो. महाविद्यालयाला लागून चालते रुग्णालय आहे काय, तेथे रोज किती रुग्ण येतात, विद्यापीठाची संलग्नता आहे काय, हे विचारावे. गर्दीचे जुने सार्वजनिक रुग्णालय, भिंतींचा रंग उडालेला असला तरी, शिकण्यास अधिक चांगले.

शुल्काची धास्ती हे मागे फिरण्याचे मोठे कारण. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क खरोखरच भारी असते. परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तसेच अनुसूचित जाती, जमाती व अन्य मागास प्रवर्गांसाठीच्या योजना ह्यांचा लाभ महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून घेता येतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. ‘कशाला त्या फेऱ्यांची दगदग’ असे म्हणून संस्थेच्या कोट्यातून थेट जागा घेणाऱ्या पालकाने मुलीची ही सवलत स्वतःच्या हाताने घालविलेली असते.

राहता राहिली कागदपत्रे, आणि खरी अडचण तेथेच आहे. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र हे तहसील कार्यालयाच्या मार्गाने मिळतात. त्यांस काही दिवस लागतात, पण ते मिळतात. ह्यांतील तिसरे मुदतीचे असते आणि ती मुदत ३१ मार्चला संपते, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. जात वैधता प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. राखीव जागेवर दावा सांगणाऱ्यास ते पडताळणी समितीकडून आणावे लागते, आणि त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या दिनांकांपूर्वीच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. आजोबा शाळेत गेले असतील तर ती नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत असते. ही वही कोणत्या कपाटात आहे, तिच्या पानांना वाळवी लागली आहे काय, हे सांगू शकतो तो त्या शाळेचा मुख्याध्यापक. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची नोंद, जन्म-मृत्यूची नोंदवही, महसुली दप्तर शोधावे लागते, आणि वंशावळीची साखळी जुळविण्यासाठी गावातील जाणत्या माणसांची मदत घ्यावी लागते. भटक्या कुटुंबांची नोंद तर चार गावांत विखुरलेली असते. मोडीतील नोंद निघाली तर तिचे अधिकृत लिप्यंतर करून घ्यावे लागते.

विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीतील विद्यार्थ्यांना हा अर्ज आपल्या महाविद्यालयामार्फत करता येतो. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्रासाठी मुदतवाढ काही वर्षी मिळाली आहे, परंतु तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. नोंदवहीतला उतारा देण्यास शाळेने एक आठवडा लावला, ग्रामपंचायतीने रहिवासाच्या दाखल्यास दुसरा, तर हे काम अकरावीच्या पहिल्या सत्रातच हाती घेतलेले बरे. बारावीचा निकाल आणि प्रवेशाची पहिली फेरी ह्यांच्या मध्ये त्याला जागा उरत नाही.