भाड्याचे घर आणि परवान्याची बंदूक

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीची सारी वर्षे काढलेला मराठी माणूस निवृत्तीनंतर पुष्कळदा नागपूरला किंवा आपल्या मूळ गावी परतत नाही. सेक्टरमधील क्वार्टर सोडून तो नेहरूनगर, स्मृतिनगर, वैशालीनगर अशा एखाद्या वस्तीत बेताचे घर बांधतो, तळमजल्यावर स्वतः राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो. भाडेकरू शांत असावा, त्याने वेळेवर भाडे द्यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा घरी एके दिवशी सैन्यातून निवृत्त झालेला एक गृहस्थ येतो. तो एका बँकेच्या दारावर पहारा करतो. माणूस शिस्तीचा, बायकामुले मनमिळाऊ. सर्व काही मनाजोगे जुळते. मग सामान येते, आणि त्या सामानात एक दुनळी बंदूक असते.

ती बंदूक चोरीची नव्हे, लपवलेलीही नव्हे. तिचा परवाना त्याच्या खिशात आहे, आणि पहाऱ्याची ही नोकरीही त्याला त्या बंदुकीमुळेच मिळाली आहे. परंतु खाली राहणाऱ्या गृहिणीच्या छातीत धस्स होते. जिन्यावर नातवंडे खेळतात. वरच्या खोलीत काडतुसे आहेत ही जाणीव तिला झोपू देत नाही. पुढच्या भाडेपत्रात ‘घरात शस्त्र ठेवता येणार नाही’ असे एक वाक्य घालावे, असे ती यजमानांना सुचवते. तसे वाक्य कायद्यापुढे टिकेल काय?

या प्रश्नाचे मूळ भाडेकायद्यात नाही. ते घटना समितीच्या चर्चेत आहे. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना तीतून सूट दिली. हा अपमान लोकांच्या मनात खोल रुतलेला होता. म्हणूनच १९३१ साली कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवला गेला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता, त्याच प्रांताचे सभासद हरी विष्णू कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्या ठरावाची आठवण करून दिली आणि हा हक्क राज्यघटनेत यावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येक नागरिकाला असा हक्क दिला, तर चोर-दरोडेखोरही त्याच हक्काने शस्त्र मागतील, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आला, पण तो उलट अर्थाने: नागरिकांनी शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमावे.

तेव्हा भारतात बंदूक हा हक्क नाही. ती सरकारने दिलेली मुभा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि आजही परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. परवाना परवानाधारकाला सरकारच्या शिक्षेपासून वाचवतो. पण दुसऱ्याच्या मालकीच्या छपराखाली बंदूक ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. नाटकाचे तिकीट खिशात असले म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवर नाटक करता येत नाही, तसेच काहीसे हे आहे.

अमेरिकेत नेमके उलट घडते. तेथे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निवाडा दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या भाडेपत्रात बंदुकीला मनाई होती. तिच्यावर दावा झाला आणि २००९ मध्ये संस्थेने ती मनाई सोडून दिली. मिनेसोटा राज्याच्या कायद्याने तर खाजगी घरमालकालाही, भाडेकरूच्या किंवा त्याच्या पाहुण्यांच्या कायदेशीर शस्त्राला अटकाव करण्याची मनाई केली आहे. तिकडच्या बातम्या वाचून भिलाईचा भाडेकरू ‘हा माझा हक्क आहे’ असे म्हणू लागला, तर ते बोलणे येथे चालणार नाही.

तेव्हा गृहिणीच्या वाक्यात बेकायदेशीर असे काही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमात मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये सांगितली आहेत, पण उभयतांनी निराळा करार केला नसेल तर, या अटीवर. करार करताना भाडेकरूने बंदूक न ठेवण्याचे कबूल केले, तर तो शब्द त्याच्यावर बंधनकारक आहे. वाक्य मात्र जपून लिहावे. ‘शस्त्र’ एवढाच शब्द घातला, तर एखाद्या शीख कुटुंबाची कृपाण त्यात उगाच ओढली जाईल, आणि कृपाणीला तर राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचा भाग मानले आहे. ‘अग्निशस्त्र’ म्हटले की काम भागते.

पण अट घालणे निराळे आणि ती स्वतःच्या हाताने अमलात आणणे निराळे. येथे भल्याभल्या घरमालकांचा पाय घसरतो. चालू करारात अशी अट नसेल, तर ती मध्येच एका चिठ्ठीने लादता येत नाही. अट आहे आणि ती मोडली, असा संशय आला, तरी दुसऱ्या किल्लीने खोली उघडून कपाटे तपासण्याचा मालकाला अधिकार नाही. कराराप्रमाणे वागणाऱ्या भाडेकरूला घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे, हे त्याच १०८ व्या कलमात आहे. घर खाली करून हवे असेल, तर छत्तीसगडच्या २०११ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली नेमलेल्या भाडे नियंत्रकाकडेच जावे लागते.

याहून मोठा धोका चांगुलपणातून उद्भवतो. भाडेकरू उन्हाळ्यात गावी निघतो. बंदूक बरोबर नेणे गैरसोयीचे. मालक म्हणतात, ‘आमच्या लोखंडी कपाटात ठेवा, किल्ली आमच्याकडे राहील.’ यात दोघांचा हेतू चांगला; पण मालकांकडे परवाना नाही. ज्या क्षणी ती बंदूक त्यांच्या ताब्यात येते, त्या क्षणी ते स्वतः शस्त्र अधिनियमाच्या कचाट्यात सापडतात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे अशी आहे. आणि परवाना आहे की नाही हे न पाहता बंदूक हवाली करणाराही सुटत नाही. अशा वेळी ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या काळात प्रशासनाच्या आदेशावरून हा प्रघात गावोगाव पाळला जातोच.

कारखान्याच्या क्वार्टरची गोष्ट थोडी वेगळी. तेथे मालक सार्वजनिक कंपनी. तिची घरे १९७१ च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली येतात. त्यामुळे निष्कासनाचा मार्ग निराळा आणि बराच आखूड. उलट कंपनी ही शासनाचेच अंग मानली जात असल्याने तिच्या नियमाला समानतेच्या कसोटीवर उतरावे लागते. तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना ‘माझे घर, माझी मर्जी’ म्हणता येते; कंपनीला ते म्हणता येत नाही.

अशी अट कायदा मानणाऱ्यालाच बांधते, हेही ओळखले पाहिजे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्यावर भिलाईत, हुडको वसाहतीतील घरात ते झोपले असता, खिडकीतून गोळी झाडण्यात आली. हे भिलाई विसरलेली नाही. गावठी पिस्तूल परवाना विचारत नाही, मग भाडेपत्र कोठून वाचणार? उलट वरच्या मजल्यावरचा पहारेकरी, ज्याचे नाव, पत्ता आणि बंदुकीचा क्रमांक दुर्गच्या जिल्हा कार्यालयात नोंदलेला आहे, तोच या वाक्याने बेघर होतो. त्याची बंदूक गेली की नोकरीही जाते.

म्हणून सरसकट मनाईपेक्षा अटी ठरवाव्यात, हे अधिक शहाणपणाचे. परवान्याची प्रत मालकाकडे द्यावी. बंदूक रिकामी करून कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात. लग्नाच्या वरातीत हवेत बार उडवला, तर २०१९ पासून तो स्वतंत्र गुन्हाच आहे. भाडेपत्रात त्याचा उल्लेख केल्यास पाहुण्यांनाही धाक राहील. गृहिणीने या अटी वाचून पाहाव्यात. तरीही तिची भीती गेली नाही, तर करार न करण्याचे स्वातंत्र्य तिला आहेच, आणि त्याबद्दल तिला कोणी दोष देऊ नये.

करार झालाच, तर पहारेकऱ्याला आणखी एक काम उरते. घर बदलले की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला नवा पत्ता कळवावा लागतो, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाड्याने राहणाऱ्याला बहुधा भाडेपत्रच पुढे करावे लागते. जिल्हा कार्यालयातील कारकून ते उलगडून वाचील. ‘घरात अग्निशस्त्र ठेवता येणार नाही’ हे वाक्य त्यात असले, तर बंदूक मग ठेवणार कोठे, हा प्रश्न घरमालकाच्या आधी तोच विचारील.