छपराचे पूल

पुलालाही छप्पर असते असे आपल्या मुलखात कोणास सांगितले, तर तो हसू लागेल. आपले पूल उघडे. मात्र अमेरिकेच्या ईशान्येकडील संस्थानांत आणि स्वित्झर्लंडात दोन्ही बाजूंस फळ्यांच्या भिंती व वर उतरते छप्पर असलेले लाकडी पूल आजही पाहावयास मिळतात. दुरून वाटते, कोणी धान्याचे कोठारच नदीवर आडवे ठेवले आहे!

हे छप्पर वाटसरूसाठी नव्हे, लाकडासाठी असते. वऱ्हाडातील शेतकऱ्यास ह्याचे कारण सांगावयास नको. वाड्यातील सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तेच लाकूड शेतात उघड्यावर रोवले तर त्यामानाने लवकर कुजू लागते. लाकडी पुलाचा सारा भार त्याच्या बाजूंच्या सांगाड्यावर असतो. तुळयांच्या सांध्यांत पाणी मुरले की तो सांगाडा आतून खचतो. म्हणून फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर १८०५ साली झालेल्या पुलास छप्पर घालावेच, असा आग्रह रिचर्ड पीटर्स नावाच्या न्यायाधीशाने धरला. पुढे १८२० मध्ये इथिएल टाउन ह्याने आडव्यातिडव्या फळ्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. ती इतकी सोपी होती की गावच्या सुतारालाही साधावी. मौज अशी की, हिवाळ्यात आतील वाट कोरडी राहिल्याने बर्फावरच्या घसरगाड्या अडत, आणि मग लोक बाहेरचा बर्फ मुद्दाम पुलावर आणून पसरीत!

काटकसरीतून जन्मलेल्या ह्या छपरास प्रणयाचे वलय आपोआप आले. आत अंधार, बाहेर पाण्याचा नाद; तरुण मंडळींनी ह्या पुलांस ‘चुंबनपूल’ म्हणावे ह्यात नवल नाही. (वर्गात मी हे सांगितले नसते.) रॉबर्ट जेम्स वॉलर ह्यांच्या १९९२ च्या कादंबरीने तर आयोवातील मॅडिसन परगण्याचे पूल जगभर नेले.

छप्पर पावसास अडविते, आगीस नव्हे. ल्युसर्न शहरातील चौदाव्या शतकातील पुलाच्या छपराखाली सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रांची रांग होती. १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री आग लागली आणि बहुतेक चित्रे भस्म झाली. पूल १९९४ च्या एप्रिलात पुन्हा उभा राहिला. पण पुष्कळसे लाकूड नवे. मग त्यास जुना पूल म्हणावे काय? माझ्या मते म्हणावे. जागा तीच, घाट तोच, आणि वाटही तीच.

ह्या प्रश्नाचे आपले उत्तर पुण्यात आहे. पानिपतानंतर, १७६१ साली, मुठेवर लाकडी पूल झाला. पराभूत सैन्यास भरवस्तीतून मान खाली घालून यावे लागू नये म्हणून तो बांधला, अशी आख्यायिका आहे. त्यास छप्पर नव्हते; आणि असते तरी पुरापुढे त्याचे काय चालले असते? पुढे पुराने तो नेला व एकोणिसाव्या शतकात तेथे दगडी पूल आला. आज त्याचे नाव छत्रपती संभाजी पूल. लाकडाची ढलपीही तेथे नाही, तरी पुणेकराच्या तोंडी तो लकडी पूलच. आता त्याच्यावरून मेट्रोचा मार्ग आडवा जातो. विसर्जनाचे उंच रथ त्याखालून जाणार कसे, म्हणून २०२१ मध्ये गणेशमंडळांनी हरकत घेतली होती. लकडी पुलास अडीचशे वर्षांनी छप्पर मिळाले, ते असे!